नॉर्मल नसलेला डेटा दिसला की लगेच लॉग?

लंबक: इथे नुकतीच दोन गटांच्या तुलनेची एक कृती दिली गेली: डेटा नॉर्मल, म्हणजे घंटेच्या आकाराचा, आहे का हे तपासणारी शापिरो-विल्क चाचणी लावा, तिचा पी (डेटा नॉर्मल असता तर इतका बिघाड दिसण्याची शक्यता) ०.०५ च्या खाली गेला की आकड्यांचा लॉग घ्या, तरी जमलं नाही तर मान-व्हिटनी, म्हणजे आकड्यांऐवजी त्यांचे क्रमांक वापरणारी चाचणी. विद्यार्थी हेच पाठ करून थिसिस लिहितात, म्हणून सविस्तर लिहितोय. नॉर्मल असावे लागतात ते रेसिड्युअल (निरीक्षण वजा मॉडेलचा अंदाज), कच्चा डेटा नव्हे. दोन गटांच्या सरासऱ्या दूर असतील तर एकत्र हिस्टोग्रामला दोन उंचवटे दिसणारच. शिवाय दहा-बारा निरीक्षणांवर शापिरो-विल्कला मोठा बिघाडही सापडत नाही आणि पाच हजारांवर निरुपद्रवी वाकडेपणही सापडतं. आधी मॉडेल बसवा, मग रेसिड्युअलचा क्यू-क्यू प्लॉट बघा; नॉर्मल असतील तर ठिपके सरळ रेषेवर येतात.

पाटीपेन्सिल: ती कृती माझीच. प्लॉट बघून ‘ठीक वाटतंय’ म्हटलेलं परीक्षकाला चालत नाही, आकडा लागतो. आणि मान-व्हिटनीचं वावडं कशाला? डेटा नॉर्मल असला तरी सरासऱ्या ताडून बघणाऱ्या टी-टेस्टच्या तुलनेत तिची कार्यक्षमता ९५ टक्के भरते.

लंबक: कार्यक्षमतेवर वाद नाहीच. पण मान-व्हिटनी मीडियनची (मधल्या आकड्याची) तुलना करते असं तुम्ही कृतीत लिहिलंत, ते चूक आहे. दोन्ही वितरणांचा आकार सारखा असेल तरच तसं म्हणता येतं. गटांचे व्हेरियन्स (आकड्यांचा पसारा) वेगळे हीच अडचण असेल तर ते सारखे न धरणारी वेल्चची टी-टेस्ट १९४७ पासून आहे.

अर्धविराम: आणि शून्यं? शून्याचा लॉग निघत नाही, म्हणून लोक सर्रास १ मिळवून लॉग घेतात.

पाटीपेन्सिल: घेतात, कारण चालतं.

अर्धविराम: अजिबात चालत नाही! ०.०२ आणि ०.२ ग्रॅम, दहापट फरक. १ मिळवलात की १.०२ आणि १.२०, म्हणजे जेमतेम १.१८ पट. तेच मिलिग्रॅममध्ये २० आणि २००. १ मिळवून २१ आणि २०१, म्हणजे ९.५७ पट. एकक बदललं की निष्कर्ष बदलतो, याला विश्लेषण म्हणायचं?

पाटीपेन्सिल: मग शून्यं फेकून द्यायची? पर्याय द्या, नुसतं ओरडू नका.

अर्धविराम: शून्य आलं कुठून ते आधी तपासा. मोजणीतलं असेल, म्हणजे पानावरच्या किडी वगैरे, तर निगेटिव्ह बायनॉमियल, म्हणजे मोजणीच्या आकड्यांसाठीचं मॉडेल. तिथे लॉग अपेक्षित सरासरीचा असतो, निरीक्षणाचा नाही, त्यामुळे शून्य अडत नाही. उपकरणाच्या मर्यादेखाली गेलं म्हणून शून्य लिहिलं असेल तर तो सेन्सॉर्ड डेटा (खरा आकडा मर्यादेखाली आहे एवढंच माहीत), त्यासाठीचं टोबिटसारखं मॉडेल लावा. खर्चच झाला नसेल तर दोन भाग: खर्च झाला का याला लॉजिस्टिक (हो-नाही उत्तरांचं मॉडेल), झालेल्या रकमांना गॅमा (फक्त धन, एका बाजूला लांबलेल्या आकड्यांचं मॉडेल).

लंबक: शून्यं नसली तरी उलट फिरवताना लोक फसतात. लॉगची सरासरी मूळ एककात आणली की भूमितीय मध्य मिळतो, साधी सरासरी नाही. लॉगनॉर्मलमध्ये, म्हणजे ज्याचा लॉग नॉर्मल असतो अशा डेटात, सिग्मा (लॉगचं प्रमाण विचलन) १ असेल तर खरी सरासरी त्याच्या १.६५ पट असते. त्या मध्यावरून एकूण खर्च काढलात तर रक्कम हमखास कमी पडणार.

पाटीपेन्सिल: १ मिळवायचं कृतीतून काढतो, मीडियनचं वाक्यही दुरुस्त करतो. लॉग मात्र काढणार नाही. सांद्रतेसारख्या गोष्टींत फरक पटींतच वाचायचा असतो, आणि सरासरीबरोबर वाढणारा व्हेरियन्सही लॉगने आटोक्यात येतो. परीक्षकाच्या आकड्याचं उत्तर अजून मिळालेलं नाही.

लंबक: सांद्रतेला लॉग, कबूल. परीक्षकाला सरासऱ्यांतल्या फरकाचा कॉन्फिडन्स इंटरव्हल (खरा फरक जिथे असावा ती कक्षा) वेल्चचा आणि बूटस्ट्रॅपचा (डेटातूनच पुन्हा पुन्हा नमुने काढून मिळवलेला) असा शेजारी शेजारी द्या. फार वेगळे आले तर बहुधा एखाद-दुसरं टोकाचं निरीक्षण सरासरी ओढतंय. ते शोधा, आणि नोंदीची चूक सिद्ध झाल्याशिवाय उडवू नका.