बाळाचा बाप्तिस्मा कुठे? (फॅमिली ग्रुप)

मोठे काका: सर्वांना सलाम. रूथने काल अमेरिकेतून टाकलेल्या फोटोत चर्चच्या पाटीवर 'एपिस्कोपल' लिहिलंय. हा कोणता पंथ? बाळाचा बाप्तिस्मा तिथे करणार म्हणे. घरात कोणाला विचारलं? बाप्तिस्मा नगरलाच व्हावा.

अनिल: काका, फोटोत मागे टेबलावर केक दिसतोय. मी त्या पंथात. 😄

पुष्पा आत्या: तुझं आपलं खाण्यावर. रूथ, पाळक बाई आहेत का गं?

रूथ: सलाम आत्या. हो. या चर्चने 1976 मध्येच बायकांना पाळकपद खुलं केलं. काका, वेगळा पंथ नाही, अँग्लिकनच, म्हणजे इंग्लंडच्या चर्चच्या परंपरेतला. अमेरिका स्वतंत्र झाल्यावर इंग्लंडच्या राजाच्या निष्ठेची शपथ घेणं इथल्या पाळकांना शक्य नव्हतं, म्हणून 1789 मध्ये त्यांनी स्वतःची घटना केली.

मोठे काका: इतिहास राहू दे. मानतात काय?

रूथ: त्रैक्य देव, ख्रिस्ताचं मरण आणि पुनरुत्थान. रविवारी आपण म्हणतो तोच निसिया मतांगीकार, म्हणजे विश्वासाची कबुली, म्हणतात. बाप्तिस्मा आणि प्रभुभोजन (भाकर आणि द्राक्षारस) हे दोन मुख्य संस्कार. बाप्तिस्मा झालेला कोणत्याही मंडळीचा माणूस प्रभुभोजन घेऊ शकतो. बायबल पहिलं, त्याच्या जोडीला परंपरा आणि बुद्धी. नवीन माणसाने कितीही प्रश्न विचारले तरी त्याला गप्प बसवत नाहीत. मी त्यामुळेच तिथे टिकले.

पुष्पा आत्या: प्रभुभोजन दर रविवारी? आमच्या सासरी महिन्यातून एकदा असायचं.

अनिल: झालं सुरू, काकांचं इंग्लंडचं मिशन एस.पी.जी. आणि आत्याच्या सासरचं अमेरिकन मिशन 🙏

मोठे काका: तसं काही नाही. पुष्पाच्या सासरी 1970 पर्यंत बिशप नव्हते, एवढंच.

पुष्पा आत्या: दादा, नगरला 1831 मध्ये मिशन आणलं ते आमच्याच लोकांनी. तेव्हा तुमची एस.पी.जी. कुठे होती?

सुजय: ख्रिसमसच्या करंज्यांची ऑर्डर आज रात्रीपर्यंत द्या. नंतर घेणार नाही.

मोठे काका: करंज्या नंतर. बाप्तिस्मा नगरलाच व्हावा.

रूथ: काका, 29 नोव्हेंबर 1970 ला नागपुरात आपलं सी.एन.आय. (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) झालं आणि आत्याकडचे व आपण एक झालो. सी.एन.आय. आणि हे चर्च दोन्ही अँग्लिकन परिवारातली. बाप्तिस्मा आयुष्यात एकदाच होतो, इथे झाला तर नगरला कोणी परत करायला सांगणार नाही.

मोठे काका: आणि समलिंगी लग्नं लावतात, त्याचं काय? आपल्याकडे चालत नाही. पाळकसाहेबांना काय सांगू?

रूथ: लावतात, 2015 पासून. मी लपवणार नाही. बाप्तिस्म्याच्या वेळी आम्हाला वचन द्यावं लागतं, प्रत्येक माणसाचा मान राखू म्हणून. सगळी मंडळीही सांगते, या बाळाला आम्ही साथ देऊ. पणजोबांना विहिरीवर पाणी भरू देत नव्हते हे तुम्हीच मला सांगितलंत ना? कोणालाही दारातून परत पाठवत नाहीत अशा मंडळीत माझं बाळ वाढावं असं मला वाटतं.

मोठे काका: ते वेगळं होतं.

पुष्पा आत्या: वेगळं कसं, दादा?

अनिल: काका टायपिंग दिसतंय पाच मिनिटं झाली.

मोठे काका: बाई पाळकाबद्दल माझी तक्रार नाही. सी.एस.आय.मध्ये, म्हणजे चर्च ऑफ साउथ इंडियात, 2013 साली पुष्पा ललिता बिशप झाल्याच की. पण बाप्तिस्मा घरच्या चर्चमध्ये शोभतो. नगरलाच व्हावा. एवढंच म्हणणं आहे.

रूथ: ईस्टरला आम्ही येतोय. तेव्हा उपकारस्तुतीची प्रार्थना नगरला करू, पाळकसाहेबांशी तुम्ही बोला. बाप्तिस्मा सर्व संतांच्या रविवारी, म्हणजे नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी इथेच. धर्मपिता म्हणून अनिलचं नाव दिलंय.

अनिल: मी?? रूथ, आधी सांगायचं ना. 🥹

मोठे काका: अनिलला मतांगीकार पाठ आहे का, ते आधी बघा.

पुष्पा आत्या: ऑनलाइन दाखवणार ना गं? तिथले सकाळी दहा म्हणजे आपल्याकडे रात्री साडेसात की साडेआठ?

रूथ: साडेआठ, आत्या. त्याच रविवारी इथलं घड्याळ बदलतं.