मुंडा बिद्दी सायकलमार्ग: एका दिवसात किती अंतर धरावे?

प्रश्न (कोथरूड): पश्चिम ऑस्ट्रेलियातील मंडरिंग ते ऑल्बनी हा हजार किलोमीटरहून लांब असलेला मुंडा बिद्दी सायकलमार्ग सप्टेंबरअखेरीस तंबू आणि शिधा बरोबर घेऊन एकटीने पार करण्याचा माझा विचार आहे. ताम्हिणी घाटातून कोलाडपर्यंत मी सामानासह एका दिवसात जाते. त्या हिशेबाने तिथेही रोजचे शंभर किलोमीटर धरावेत का आणि पाणी किती बाळगावे, याविषयी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर (सहकारनगर): शंभर धरू नयेत, ही कळकळीची विनंती. मीही घाटांतल्या सरावाच्या भरवशावर पहिल्या दिवशी ऐंशीचा बेत केला होता आणि दुपारी तीनपर्यंत जेमतेम चाळीस झाले. जॅरा वृक्षांच्या त्या जंगलात वाटेवर वाटाण्याएवढे गोल, टणक तांबडे खडे पसरलेले असतात. त्यांवर चढाला मागचे चाक जागच्या जागी फिरते, उतरून सायकल ढकलावी लागते, आणि उतारावर पुढचा ब्रेक जोरात दाबला की आपण आडवे झालोच म्हणून समजा. पन्नास पुरेत. मार्गावरील मुक्कामांच्या जागी छपराचा निवारा आणि पावसाच्या पाण्याची टाकी असते, परंतु ते पाणी उकळूनच प्यावे आणि टाकी रिकामी निघाली तरी निभावेल इतके, म्हणजे किमान चार लिटर, जवळ असू द्यावे. तंबू मात्र निलगिरीच्या जातीच्या मोठ्या झाडाखाली लावू नये, कारण वारा नसतानाही त्यांच्या फांद्या कोसळतात. तिन्हीसांजेला कांगारू वाटेवर येतात, म्हणून पाचच्या आत थांबलेले बरे.

उत्तर (औंध): निघण्यापूर्वी सायकलचे टायर, बूट आणि तंबूचे खुंटे ब्रशने घासून धुवावेत. विमानतळावर मातीची तपासणी कसोशीने होते. जॅराची झाडे मुळांतून मारणारा रोगही तिथे चिखलातूनच पसरतो, त्यामुळे वाटेतही चाके स्वच्छ ठेवणे आपले कर्तव्य आहे. गॅसचे डबे विमानात चालत नाहीत. ते पर्थमध्ये घ्यावेत. सप्टेंबर हा मॅगपाय पक्ष्यांच्या विणीचा काळ असतो आणि घरट्याजवळून जाणाऱ्या सायकलस्वारावर ते मागून झडप घालतात. हेल्मेट तर कायद्यानेच सक्तीचे आहे, गॉगलही लावावा.

प्रश्नकर्ती: आपणा दोघांची मनापासून आभारी आहे. दहा दिवसांऐवजी आता बावीस धरते. सुदैवाने परतीचे तिकीट अजून काढलेले नाही.