ललितेतर पुस्तकं नोकरीत खरंच कामाला येतात का?

पाना_पक्कड

आमच्या विभागात नवीन लागलेल्या मुलाने परवा विचारलं, "सर, कामात पुढे जायचं तर कुठली पुस्तकं वाचू?" मी उत्साहाने तोंड उघडणार, तेवढ्यात फोरमन म्हणाले, "आधी मशीनचं मॅन्युअल वाच." हशा पिकला आणि विषय तिथेच संपला. माझ्या डोक्यातून काही तो जाईना, म्हणून हा धागा.

मी मेंटेनन्समध्ये आहे, अठरा वर्षं झाली. माझ्या कामात ज्या पुस्तकाने सगळ्यात जास्त फरक पडला, ते एका सर्जनने लिहिलेलं आहे: अतुल गवांदे यांचं 'द चेकलिस्ट मॅनिफेस्टो' (२००९). त्यात १९३५ सालच्या एका अपघाताची हकीकत आहे. बोईंगचं नवंकोरं बॉम्बर विमान चाचणीच्या वेळी उडालं आणि लगेच कोसळलं. विमानात बिघाड नव्हता, वैमानिकही मुरलेला होता. विमान जमिनीवर उभं असताना वाऱ्याने त्याचे हलते भाग फडफडू नयेत म्हणून लावलेलं लॉक काढायचं राहून गेलं, एवढंच. त्यानंतर वैमानिकांना जास्त प्रशिक्षण देत बसण्यापेक्षा उड्डाणाआधी काय काय तपासायचं त्याची छोटी यादी हातात देण्यात आली.

हे वाचताना मला आमचा कंप्रेसर आठवला. दुरुस्तीनंतर चालू करताना एक व्हॉल्व्ह बंदच राहिला होता, आणि तो उघडायला विसरणारा मीच. काम येत नव्हतं म्हणून नव्हे. इतक्या वेळा केलेलं होतं की हात आपोआप चालत होते. पुस्तक संपल्यावर नऊ ओळींची यादी करून पॅनेलच्या दारावर चिकटवली. पंधरा दिवस पोरं हसली. आता यादी फाटली की तीच नवी प्रिंट मागायला येतात.

मॅन्युअलमधून मशीन कळतं. आपण माणसं कुठे गडबडतो, हे मला दुसऱ्याच क्षेत्रातल्या पुस्तकाने दाखवलं. तुमचं काय मत?

सोमवारचा_बळी

वाचणाऱ्या साहेबाच्या हाताखाली कधी काम केलंय का? आमचे एक साहेब शनिवार-रविवारी पुस्तक वाचायचे आणि सोमवारी नवा मंत्र घेऊन यायचे. एका वर्षात तीनदा आमची 'कार्यसंस्कृती' बदलली. एकदा सगळ्या मीटिंगा उभ्याने. गुडघेदुखीवाल्या काकांसकट!

बरं, पुस्तकं तरी कुठली? 'गुड टू ग्रेट' २००१ चं. अकरा थोर कंपन्या, त्यांच्या थोरपणाची कारणं. त्यातली सर्किट सिटी, अमेरिकेतली इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या दुकानांची साखळी, २००८ मध्ये दिवाळखोरीत गेली, आणि त्याच वर्षी फॅनी मे ही गृहकर्जांच्या धंद्यातली कंपनी तिथल्या सरकारला ताब्यात घ्यावी लागली. जिंकलेल्याला विचारायचं, "कसं जमलं?" तो सांगणार, "पहाटे उठत होतो." पहाटे उठून बुडालेल्यांना विचारायला कोण जातंय? फोरमनचं बरोबर आहे.

जुनी_खुर्ची

फोरमनना +१. बाकी चालू द्या.

पाना_पक्कड

@सोमवारचा_बळी, काकांबद्दल सहानुभूती. पण थोडा अन्याय होतोय. त्या पुस्तकात तशाच परिस्थितीतल्या पण मागे पडलेल्या कंपन्याही तुलनेला घेतल्या होत्या. खरी गोम अशी की निकाल माहीत झाल्यावर कारणं शोधायला निघालं की कारणं सापडतातच. तिथे तुमचं म्हणणं मान्य. मात्र हे तुम्हाला कळलं कुठून? वाचूनच ना?

ओटी_सिस्टर

चेकलिस्टचा विषय निघाला म्हणून लॉगिन केलं. मी ऑपरेशन थिएटरमध्ये काम करते, म्हणजे ती यादी रोज जगते. गवांदेंच्या गटाने आठ शहरांतल्या आठ रुग्णालयांत जागतिक आरोग्य संघटनेची १९ मुद्द्यांची यादी वापरून पाहिली. मृत्यूचं प्रमाण १.५ टक्क्यावरून ०.८ वर आलं. आकडा खरा आहे. पण गोष्ट तिथे संपत नाही. पुढे कॅनडाच्या ओंटारिओ प्रांतात १०१ रुग्णालयांनी यादी सुरू केली. २०१४ साली निष्कर्ष छापून आले, तर म्हणण्यासारखा फरक दिसला नाही.

मला यात नवल वाटलं नाही. चीर देण्याआधी प्रत्येकाने आपलं नाव आणि काम सांगायचं, असं त्या यादीत आहे. का? एकदा तोंड उघडलेला ज्युनिअर पुढे काही चुकतंय असं दिसलं तर पुन्हा तोंड उघडायला कचरत नाही. आता मी पाहिलेली एक जागा सांगते (कुठली ते विचारू नका). तिथे कागदावरच्या सगळ्या बरोबरच्या खुणा ऑपरेशन संपल्यावर एकदम व्हायच्या, एकाच पेनाने, एकाच हाताने. यादी तीच, कागदही तोच.

म्हणून पुस्तकाने फरक पडतो, या वाक्यावर माझा विश्वास नाही. पोरं तुमच्यावर पंधरा दिवस हसली आणि तुम्ही ते चालवून घेतलंत, फरक तिथे पडला असेल.

कथेकरीण

ललितेतरच का, हा माझा प्रश्न. माझं काम दिवसभर लोकांची गाऱ्हाणी ऐकायचं. समोरचा "काही नाही, सगळं ठीक आहे" म्हणतो तेव्हा ते ठीक नसतं, हे मला कादंबऱ्यांनी शिकवलं. व्यवस्थापनाच्या पुस्तकांत माणसं चौकोनात बसवलेली असतात. २०१३ मध्ये एक प्रयोगही गाजला होता: साहित्यिक कथा वाचणाऱ्यांना नुसत्या डोळ्यांच्या फोटोंवरून भावना जास्त चांगल्या ओळखता आल्या, ललितेतर वाचणाऱ्यांना तितक्या नाही.

सोमवारचा_बळी

आणि तोच प्रयोग पुढे इतरांनी करून पाहिला तेव्हा तो परिणाम दिसला नाही. हेही वाचूनच कळलं, म्हणजे @पाना_पक्कड यांना आयता एक गुण. माझा नाइलाज आहे.

कथेकरीण

घ्या, प्रयोग सोडून दिला. गाऱ्हाणी कळतात ती कळतातच.

विसरभोळा

माझी अडचण सगळ्यांहून साधी. वर्षाला तीसेक पुस्तकं वाचतो आणि महिन्याभराने मुखपृष्ठाचा रंग आठवतो. रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये विद्यार्थ्यांवर केलेला प्रयोग वाचला तेव्हा उलगडा झाला. एका गटाने उतारा पुन्हा पुन्हा वाचला, दुसऱ्याने एकदा वाचून मग आठवून लिहिला. पाच मिनिटांनी पाहिलं तर पुन्हा वाचणारे पुढे. आठवड्याने पाहिलं तर आठवून लिहिणारे पुढे! मी आयुष्यभर त्या पाच मिनिटांच्या खुशीत होतो.

आता प्रकरण संपलं की पुस्तक मिटतो आणि आठवेल ते वहीत उतरवतो. फार लाजिरवाणं असतं. वेग इतका उतरलाय की यंदा आतापर्यंत चारच पुस्तकं झालीत. पण परवा दर ठरवायच्या बैठकीत त्यातला एक मुद्दा ऐन वेळी सुचला, आणि असं माझ्या बाबतीत पहिल्यांदाच घडलं.

ओटी_सिस्टर

@पाना_पक्कड, एक विचारू? त्या नऊ ओळींपैकी तुमच्या किती आणि पोरांच्या किती?

पाना_पक्कड

नेमकं बोट ठेवलंत. सुरुवातीला नऊच्या नऊ माझ्या होत्या, आणि तेव्हा ती यादी फक्त मीच वाचायचो. एक दिवस एकाने पेनाने चौथी ओळ खोडून खाली स्वतःची लिहिली. मला राग आला होता, पण त्याची ओळ बरोबर होती. मग पॅनेललाच पेन बांधून ठेवलं. आज त्यातल्या पाच माझ्या आहेत, तीन पोरांच्या.

उरलेली एक, सातवी, आमच्या फोरमननी घातलीय. थेट मॅन्युअलमधून, पान क्रमांकासकट.