शब्दचर्चा: अनुनय, बोळवण, मतपेढी

विचारणा: अमेरिकेतल्या निवडणुकांवरच्या एका लेखात 'कृष्णवर्णीय मतदारांचा अनुनय' असं वाचलं. पक्ष मतं मागतात पण सत्तेत वाटा देत नाहीत, असा लेखाचा रोख होता. इथे 'अनुनय' चालेल का? आणि 'टोकनिझम'ला, म्हणजे नावापुरतं प्रतिनिधित्व देण्याला, मराठीत काय म्हणावं?

उत्तर: 'अनुनय' नको. मूळ अर्थ मनधरणी, विनवणी हे खरं, पण आपल्या राजकीय लिखाणात हा शब्द एखाद्या गटाला झुकतं माप दिल्याचा आरोप करायलाच वापरतात. इथली तक्रार नेमकी उलटी आहे. मतं मागताना जे चालतं ती 'मनधरणी', आणि नंतर हातावर टेकवतात ती 'बोळवण'; 'टोकनिझम'ला मी हाच शब्द लिहीन.

'बोळवण' किती चपखल बसतो ते १९६४च्या अटलांटिक सिटीतल्या, अध्यक्षपदाचा उमेदवार ठरवणाऱ्या डेमोक्रॅटिक पक्षाच्या अधिवेशनात दिसतं. मिसिसिपी या दक्षिणेतल्या राज्याचं अधिकृत शिष्टमंडळ संपूर्ण गोऱ्यांचं होतं. त्याला आव्हान द्यायला मुख्यतः कृष्णवर्णीयांची मिसिसिपी फ्रीडम डेमोक्रॅटिक पार्टी आली. मतदार म्हणून नाव नोंदवायला गेल्याबद्दल मळ्यावरचं काम आणि घर गमावलेल्या, तुरुंगात मार खाल्लेल्या तिच्या फॅनी लू हेमर यांनी प्रतिनिधींची पात्रता ठरवणाऱ्या समितीसमोर साक्ष दिली. ती दूरचित्रवाणीवर सुरू असतानाच अध्यक्ष जॉन्सन यांनी घाईने पत्रकारांना बोलावलं आणि कॅमेरे तिकडे वळले. अखेर देऊ केलं काय, तर अधिवेशनातल्या प्रतिनिधींच्या दोन जागा. त्या दोन जागांवर कोण बसणार हेही पक्षनेत्यांनीच ठरवलं, आणि त्यांत हेमर नव्हत्या. बाकीच्यांनी पाहुणे म्हणून बसावं! शिष्टमंडळाने हा देकार नाकारला. दोन जागांसाठी आम्ही एवढ्या लांबून आलो नाही, असं हेमर यांनी सुनावलं.

माझ्या मते 'बोळवण' ओळखायची खूण जागांच्या संख्येत नाही. माणूस कोणी निवडला ते पाहावं.

प्रतिप्रश्न: मग २०२० मध्ये बायडन यांनी सर्वोच्च न्यायालयावर कृष्णवर्णीय स्त्री नेमण्याचं वचन दिलं, तीही बोळवणच?

उत्तर: नाही. साउथ कॅरोलायनातल्या प्राथमिक फेरीच्या (पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या मतदानाच्या) तोंडावर दिलेलं ते वचन २०२२ मध्ये केटांजी ब्राउन जॅक्सन यांच्या नेमणुकीने पाळलं गेलं. न्यायाधीशपद तहहयात असतं आणि निकाल देताना पक्षाला विचारावं लागत नाही. अशा पदाला बोळवण म्हणणं अन्यायाचं होईल. याउलट कृष्णवर्णीय नेत्या शर्ली चिझम १९६९ मध्ये काँग्रेसमध्ये, म्हणजे अमेरिकेच्या संसदेत गेल्या, तेव्हा न्यूयॉर्क शहरातल्या ब्रुकलिनच्या या प्रतिनिधीला शेतीच्या समितीवर टाकलं होतं. त्यांनी जाहीर विरोध केला, तेव्हा समिती बदलून मिळाली.

आणखी एक: 'मतपेढी' शब्द कसा वाटतो?

उत्तर: मी इथे टाळतो, कारण त्यात दोष मतदारांवर जातो, जणू ते विचार न करता गठ्ठ्याने मत देतात. १९६४ मध्ये रिपब्लिकन उमेदवार गोल्डवॉटर यांनी नागरी हक्क कायद्याच्या विरोधात मत दिलं होतं. तेव्हापासून कृष्णवर्णीय मतदारांचं फार मोठं बहुमत डेमोक्रॅट्सकडे राहिलं, आणि तो निर्णय पूर्ण विचाराचा होता. पण दुसरा पक्ष त्यांच्या मतांसाठी जोर लावत नाही आणि पहिल्याला ती जाण्याची भीती वाटत नाही, अशा वेळी घासाघीस करायला जागाच उरत नाही. अभ्यासक याला 'इलेक्टोरल कॅप्चर' म्हणतात. मराठीत मी 'मतदारांची कोंडी' लिहीन. १९८८ मध्ये कृष्णवर्णीय नेते जेसी जॅक्सन डेमोक्रॅट्सच्या प्राथमिक फेऱ्यांत दुसरे आले, तरी उपाध्यक्षपदाची उमेदवारी लॉइड बेंट्सन या गोऱ्या सिनेटरला गेली. त्या प्रसंगाला 'कोंडी' हा शब्द बरोबर लागू पडतो, 'मतपेढी' नाही.