मागे राहिलेलं शरीर : वेबकॉमिकमधल्या देहबाह्य जादूवर अनुभव धागा

जादूच्या शाळेवरचं वेबकॉमिक असलं की कधी ना कधी एखादं पात्र देह सोडून बाहेर पडतंच. पुढचं पान यायला दोन दिवस असतात आणि तेवढ्यात आपले तर्क सुरू होतात. ती गेली कुठे, परत कशी येणार, येताना सोबत काही घेऊन आली तर? या धाग्यावर नुसतं 'मला असं वाटतं' नको. जे अशी कॉमिक्स बारकाईने वाचतात, स्वतः काढतात, किंवा पोथ्यांमुळे वा कामामुळे ज्यांचा या विषयाशी संबंध येतो, त्यांनी दुसऱ्याला वापरता येईल असं काही लिहावं. सुरुवातीला माझं एकच म्हणणं मांडतो : बाहेर गेलेल्या जिवापेक्षा मागे राहिलेल्या शरीराकडे बघा. कथेचे खरे नियम तिथे सापडतात.

तर्काची वही ठेवणाऱ्या वाचकाकडून

'गनरक्रिग कोर्ट' घ्या. टॉम सिडेल 2005 पासून ते काढतोय. त्यातला रेनार्डीन दुसऱ्याच्या शरीरात शिरू शकतो. ही ताकद त्याला कायोटी या खोडकर देवाने दिली. शिरण्याची वाट डोळ्यांची, आणि तो बाहेर पडला की ते शरीर मरतं. नायिका अँटिमनीच्या शरीरात शिरायला गेला आणि तिच्या खेळण्यातल्या लांडग्यात अडकला. खेळणं तिच्या मालकीचं, म्हणून तिचं ऐकणं त्याला भाग पडलं. एवढ्या एका प्रसंगात वाट, किंमत, चुकीची जागा आणि मालकी असे चार नियम आहेत. यातला मालकीचा नियम मला सगळ्यांत मोलाचा वाटतो, कारण तो जादूतून आलेला नाही, नात्यातून आलेला आहे.

असे नियम सुटे करायला वहीत सात रकाने आखा : पान क्रमांक, कोण बाहेर गेलं, कशामुळे (झोप, मार, वस्तू, मंत्र), शरीर कुठे आणि कसं पडलं होतं, कोणाला दिसलं, परत कसं आलं, किंमत काय पडली. प्रत्येक नोंदीपुढे 'चि' किंवा 'बो' लिहा. 'चि' म्हणजे चित्रात दिसलं, 'बो' म्हणजे कोणीतरी बोललं. तीन वेगवेगळ्या प्रसंगांत 'चि' मिळाल्याशिवाय नियम म्हणू नका. सर्वांत जास्त तर्क फसतात ते शिक्षकाच्या तोंडचं वाक्य नियम समजल्यामुळे. पहिल्या वर्षाच्या मुलांना शिक्षक सोपं करून सांगतो, क्वचित मुद्दाम लपवतोही. लेखकाने वाचकांना दिलेली उत्तरं वेगळ्या पानावर ठेवा. ती कथेच्या आधीची आहेत की नंतरची, यावर त्यांचं वजन बदलतं.

आणि तर्क असा लिहा की तो चुकीचा ठरू शकेल. 'काहीतरी भयंकर होणार' हा तर्क नव्हे. 'या प्रकरणात ती परत येईल, पण डाव्या हाताची जाणीव येणार नाही' हा तर्क.

पोथ्यांतून

शाळा, जादू आणि मागे राहिलेलं शरीर, तिन्ही एकत्र असलेली गोष्ट आपल्याकडे अकराव्या शतकापासून लिहिलेली आहे. सोमदेवाच्या कथासरित्सागरात वररुची, व्याडी आणि इंद्रदत्त हे वर्ष नावाच्या गुरूचे तीन शिष्य. गुरुदक्षिणा मागितली गेली एक कोटी सुवर्णमुद्रा. तिघं नंद राजाकडे जातात, तर राजा नुकताच मेलेला. इंद्रदत्ताला योगविद्या येते, तो राजाच्या देहात शिरतो. व्याडी एका ओसाड देवळात इंद्रदत्ताचं शरीर राखत बसतो आणि वररुची जिवंत झालेल्या राजाकडे जाऊन पैसे मागतो. बेत इतका साधा. पण मंत्री शकटाल शहाणा निघतो. मेलेला राजा उठतो काय आणि लगेच कोटीचं दान देतो काय, हे त्याला खटकतं. राज्यात जेवढी प्रेतं असतील तेवढी जाळा, असा तो हुकूम सोडतो. शिपाई व्याडीच्या हातून शरीर ओढून नेतात आणि जाळतात. इंद्रदत्त कायमचा राजा होतो, त्याचं नाव पडतं योगानंद. राज्य मिळालं तरी त्याला स्वतःचा देह गेल्याचं दुःख आहे. तो ब्राह्मणाचा शूद्र झालो म्हणून रडतो. ही बोच आजच्या लेखकाने जशीच्या तशी उचलू नये, पण राजपदही शरीराची भरपाई करू शकत नाही, हे समजून घ्यावं.

शंकराचार्यांच्या चरित्रकथेत हाच धोका आहे. मंडनमिश्रांची पत्नी उभयभारती हिने वादात विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं शोधायला ते अमरुक राजाच्या देहात जातात, शिष्य गुहेत शरीर राखतात, आणि तिथेही राजाचे मंत्री प्रेतं जाळायला माणसं पाठवतात. नवनाथ भक्तिसारात (मालूकवी, शके 1741, म्हणजे 1819) मच्छिंद्रनाथ त्रिविक्रम राजाच्या देहात बारा वर्षं राहायचं ठरवतात. इथे शरीर जाळलं जात नाही. राणी रेवतीला खरं कळतं तेव्हा ती त्या शरीराचे तुकडे करून टाकवते. तिला नवरा परत जायला नको आहे. शरीरावर घाला घालतात ते दोनदा मंत्री आणि एकदा राणी, पण कारणं वेगवेगळी : राज्याची सावधगिरी, संशय, प्रेम. म्हणजे तुमच्या कॉमिकमध्ये नायिका देहाबाहेर असेल तर पहिला प्रश्न हा विचारा की ती परत न येण्यात कोणाचा फायदा आहे. नेहमी खलनायकाचाच असतो असं नाही.

जादूच्या पायऱ्या हव्या असतील तर योगसूत्रांचा तिसरा पाद वाचा. परशरीरावेशाच्या, म्हणजे दुसऱ्याच्या शरीरात शिरण्याच्या सूत्रात (3.38, काही आवृत्त्यांत 3.39) दोनच अटी आहेत : बंधाचं कारण सैल होणं आणि चित्ताच्या ये-जा करण्याच्या वाटा कळणं. व्यासभाष्यात (योगसूत्रांवरच्या जुन्या टीकेत) त्याला मधमाश्यांचा दृष्टांत आहे. मधमाश्यांचा राजा उडाला की बाकीच्या माश्या मागोमाग उडतात, तशी इंद्रियं चित्तामागून दुसऱ्या शरीरात जातात. यातून कॉमिकसाठी एक सुंदर गोष्ट मिळते : इंद्रियं एकदम पोचत नाहीत. आधी चित्त, मग एकेक माशी. नव्या शरीरात पहिली चौकट आवाज नसलेली काढा, मग रंग येऊ द्या, वास सगळ्यांत शेवटी.

पुढे महाविदेहेचं सूत्र आहे (3.43). शरीरात राहूनच मनाने बाहेरची वृत्ती धरली तर ती कल्पिता. शरीराची गरजच उरली नाही तर अकल्पिता. पहिल्या वर्षाची मुलगी आणि शेवटच्या वर्षाची मुलगी यांच्यातला फरक दाखवायला यापेक्षा नेमकी जोडी मला माहीत नाही.

शुश्रूषेच्या बाजूने

चित्रकार शरीर गादीवर उताणं ठेवतात, हात छातीवर. बेशुद्ध माणसाला असं एकट्याला ठेवत नाहीत. उताण्या स्थितीत जीभ मागे पडते आणि श्वासाची वाट अडते. कुशीवर वळवा, वरचा गुडघा पुढे, तोंड किंचित जमिनीकडे. शरीर राखणाऱ्या मैत्रिणीला हे येत असेल तर तिने आधी कोणालातरी राखलं आहे, हे एका चौकटीत कळतं.

उभ्या असताना जीव गेला तर शरीर फळीसारखं पडत नाही. गुडघे आधी सुटतात, मग कंबर, डोकं शेवटी आपटतं. डोळे अर्धवट उघडे राहिले तर बुबुळ सुकतं, म्हणून पापण्या मिटून चिकटपट्टी लावतात. दर दोन तासांनी कूस बदलायची, नाहीतर माकडहाड आणि टाचांवर दाबाने कातडी लाल पडायला लागते. रात्रभर बाहेर असलेल्या पात्राचं अंथरूण ओलं असणार. कोणी दाखवत नाही, पण वसतिगृहात गुपित फुटायला हे अगदी पुरेसं कारण आहे.

परत आल्यावर ताडकन उठून धावायला लावू नका. आडवं पडलेल्याला आधी पाय खाली सोडून एक-दोन मिनिटं बसवतात, नाहीतर रक्तदाब उतरून डोळ्यांसमोर अंधारी येते. दाबाखाली राहिलेल्या हाताला मुंग्या असतात. तोंड कोरडं, आवाज बसलेला.

मेंदूविज्ञान वाचणाऱ्याकडून

वरच्या वहीवाल्यांना एक भर. 2002 साली जिनिव्हात ओलाफ ब्लांके आणि सहकाऱ्यांनी फेफऱ्याच्या एका रुग्ण बाईच्या मेंदूत उजव्या अँग्युलर जायरस या भागाला विजेचा सौम्य झटका दिला. कमी प्रवाहात तिला गादीत खचल्यासारखं किंवा उंचावरून पडल्यासारखं झालं. प्रवाह वाढवल्यावर ती म्हणाली की मी वरून मला पलंगावर बघतेय, पण फक्त पाय आणि कमरेकडचा भाग दिसतोय. चेहरा नाही. कॉमिकमध्ये छताजवळून काढलेली चौकट नेहमी झोपलेल्या चेहऱ्यावर नेम धरते. त्याऐवजी पाय आणि चादरीची घडी काढून बघा, वाचक जास्त घाबरेल.

2007 मध्ये हेन्रिक एरसन यांनी निरोगी माणसांत असा भास निर्माण केला. माणसाच्या मागे सुमारे 2 मीटरवर दोन कॅमेरे, त्यांचं चित्र त्याच्या डोळ्यांवरच्या पडद्यात. एका काडीने त्याच्या खऱ्या छातीला स्पर्श करायचा आणि त्याच क्षणी दुसरी काडी कॅमेऱ्यांच्या खाली, जिथे भासमान छाती असेल तिथे हलवायची. थोड्या वेळाने माणसाला आपण कॅमेऱ्याच्या जागी बसलोय असं वाटतं. त्या रिकाम्या जागेवर हातोडा उगारला की त्याच्या कातडीला घाम सुटतो. स्पर्श आणि दृश्य यांचा ताल चुकवला की भास मोडतो. जादूला मोडण्याची पद्धत हवी असेल तर ही घ्या : बाहेर गेलेल्याला जे दिसतंय त्याच्याशी न जुळणारा स्पर्श मागच्या शरीराला करायचा. मंत्र नको, ओला टॉवेल पुरे.

चित्रफळीवरून

फोनवर वाचायच्या उभ्या पट्टीसाठी रुंदी 800 पिक्सेल, तुकडे 1280 उंचीचे. काढताना दुप्पट काढा. जीव अर्धपारदर्शक दाखवायचा तर रेघ, रंग आणि छाया यांचे थर एका फोल्डरमध्ये टाकून त्या फोल्डरची अपारदर्शकता 60 टक्क्यांवर आणा. एकेका थराची कमी केली तर हाताच्या आडची छातीची रेघ वर दिसू लागते आणि आकृती मळकट होते. 40 च्या खाली जाऊ नका, उन्हात फोनवर काही दिसत नाही. रेघ काळीऐवजी गडद निळी. पांढरा जीव पांढऱ्या भिंतीवर हरवतो, म्हणून ते प्रकरण काढण्याआधीच खोलीच्या भिंतीचा रंग ठरवा. पायाखाली सावली देऊ नका. सावली आली की तो जीव जमिनीवर उभा राहिला.

जिवाला शरीराशी जोडणारा दोर काढणार असाल तर तो कुठून निघतो ते एकदा ठरवून पाळा. बेंबी की टाळू? शरीराजवळ 12 पिक्सेल, लांब गेल्यावर 3. मध्येच विसरलात तर वाचक त्यालाच सुगावा समजून तीस पानं तर्क करत बसतील, आणि चूक त्यांची नसेल.

उभ्या पट्टीची एक अडचण कोणी बोलत नाही. जीव वर जातो आणि वाचक खाली सरकतो. म्हणजे आधी दिसतो तरंगणारा जीव, मग दोर, आणि सगळ्यांत खाली शरीर. छापील पानावर तिन्ही एका नजरेत येतात. या उलट्या क्रमाशी भांडू नका, तो वापरा. जीव मजेत उडतोय असं दाखवा, मग फोनचे दोन पडदे भरून नुसती रिकामी हवा आणि दोर, आणि तळाला शरीर एकटं नाही, कोणीतरी शेजारी बसलंय.

महाभारतात यम सत्यवानाच्या शरीरातून अंगठ्याएवढा पुरुष पाशाने ओढून काढतो. हे माप वापरून बघा. अंगठ्याएवढा जीव पारदर्शक करावाच लागत नाही. खोली अवाढव्य होते, मांजर राक्षस होतं, आणि परत यायचं म्हटलं तर स्वतःचंच शरीर डोंगरासारखं चढावं लागतं.

अक्षरं बसवणाऱ्याकडून

देवनागरीत जिवाचा आवाज वेगळा दाखवताना रोमन लिपीच्या सवयी चालत नाहीत. अक्षरांत अंतर वाढवलं की शिरोरेखा तुटते. तिरपी केलेली देवनागरी भुताची वाटत नाही, घाईची वाटते. लाटेसारखा मजकूर वाकवला तर जोडाक्षराखालचा उकार शेजारच्या ओळीत घुसतो. शब्द साधेच ठेवा, संवादाच्या फुग्याची कड तुटक करा, अक्षराचा रंग रेघेच्याच निळ्यातला. ओळींमधलं अंतर अक्षराच्या उंचीच्या दीडपट, कारण वर मात्रा आणि खाली उकार दोन्ही सांभाळायचे असतात. मजकूर फाईलमध्ये घेतल्यावर 'शक्तिशाली', 'दृष्टी', 'आत्म्याला' हे तीन शब्द टाकून बघा. जोडाक्षर फुटलं किंवा पहिली वेलांटी अक्षराच्या मागे गेली तर त्या प्रोग्रॅममध्ये भारतीय लिप्यांची मांडणी चालू केलेली नाही.

फुग्याची शेपटी कोणाकडे न्यायची, हा प्रश्न हमखास येतो. जीव बोलतोय आणि शरीराचे ओठ हलत नाहीत, तर शेपटी जिवाकडे. झोपेत बरळल्यासारखे ओठही हलत असतील तर दोन्हीकडे दोन शेपट्या द्या, त्यातून ती अजून कल्पितेच्या पायरीवर आहे हे न सांगता कळेल. ती परत आली की पहिला शब्द भरीव कडेच्या नेहमीच्या फुग्यात, नेहमीच्या काळ्या रंगात. पण वर शुश्रूषेवाल्यांनी लिहिलंय तसा घसा बसलेला आहे, म्हणून अक्षर दोन आकारांनी लहान, आणि शब्द 'पाणी'.