दिवाळी निधी: लातूरकडच्या दिव्यांग प्रौढांसाठी काय करावं?

सप्रेम नमस्कार मंडळी,
आपल्या अमेरिकेतल्या मंडळाचा यंदाचा दिवाळी निधी मराठवाड्यात द्यावा, असं कार्यकारिणीत ठरतंय. दिव्यांग प्रौढांच्या साक्षरता वर्गांना टॅब्लेट द्यावेत, अशी सूचना आहे. ज्यांचं त्या बाजूला जाणं-येणं आहे त्यांनी रविवारच्या आत लिहावं.
— कार्यवाह

दादा,
टॅब्लेट नकोत. वर्गाचं तसं अडलेलं नाही. केंद्राचा ‘उल्लास’ कार्यक्रम २०२२ ते २०२७ असा आहे, १५ वर्षांवरच्या निरक्षराला त्यात बसता येतं, स्वयंसेवक शिकवतात, चाचणी होते, प्रमाणपत्र मिळतं. घोडं अडतं ते त्याच्या पुढं. प्रमाणपत्रवाल्याला कामाच्या दारापर्यंत नेणारं कुणी नसतं.

उदगीरला माझ्या मामेभावाची डाळमिल आहे. तिथं काट्यावर बसणाऱ्याचा एक पाय पोलिओनं गेलेला. हमाली जमणार नव्हती, अन् शिक्षण सहीपुरतं. मुनीमानं त्याला बाराखडी गिरवायला लावली नाही, सरळ काटापट्टी पुढ्यात ठेवली. गाडी नंबर, भरलेलं वजन, रिकामं वजन, निव्वळ वजन. रोज तेवढंच. ते जमल्यावर कट्ट्यावरचा, म्हणजे पोत्यावरचा, लॉट नंबर, मग बारदाना वजा करून हिशेब. आता शेतकरीच त्याला म्हणतात, “पट्टी वाचून दाव की!” काम आधी ठरलं, म्हणून शिकायचं काय तेही ठरलं.

मी इथं शनिवारी प्रौढांच्या वर्गात शिकवते. अमेरिकेत २०१४ च्या रोजगार कायद्यानं प्रौढ शिक्षण आणि दिव्यांगांचं व्यावसायिक पुनर्वसन एकाच आराखड्यात आणलं. पण खरं सांगू? मालकाला फोन करणारा, पहिले काही दिवस सोबत जाणारा समुपदेशक असला तरच माणूस कामाला लागतो. नाहीतर दोन्ही खाती आपापली रजिस्टरं भरत बसतात.

तिकडं साक्षरता वर्ग, दिव्यांगांची संस्था आणि मोंढा, म्हणजे धान्याचा बाजार, ही तिन्ही टोकं आहेत, मधला माणूस नाही. त्याचा पगार द्या. आडत्याशी, मिलमालकाशी बोलता यायला हवं. खुणांची भाषा येत असेल तर सोन्याहून पिवळं.

आणखी एक. घरचेच आडवे येतात: “पगार सुरू झाला की निराधारचे पैसे बंद होतील.” भीती खोटी नाही, त्या योजनेला उत्पन्नाची मर्यादा आहे. इथं एसएसआय, म्हणजे कमी उत्पन्नाच्या दिव्यांगांना सरकारकडून मिळणारी मासिक मदत, घेणाऱ्यांच्या घरी हेच ऐकते. तेव्हा त्या माणसाला घरच्यांपुढं बसून हा हिशेबही मांडता आला पाहिजे.
— लातूरची ताई

ताई, पटलं. पण पैशाचं ऐका. मंडळ इथं नोंदलेलं, म्हणजे आपली देणगी भारतात परदेशी ठरते. संस्थेची परदेशी देणग्यांच्या कायद्याखाली (एफसीआरए) नोंदणी किंवा सरकारची पूर्वपरवानगी हवी आणि पैसे आधी दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेच्या खात्यातच जातात. २०२० च्या दुरुस्तीपासून एका संस्थेनं घेऊन दुसरीला देणं बंद आहे. संभाजीनगरच्या मोठ्या संस्थेमार्फत औशाच्या छोट्या संस्थेला, हे जमायचं नाही. प्रशासकीय खर्चालाही २० टक्क्यांची मर्यादा आहे, त्यामुळे हा पगार कशात धरणार ते संस्थेच्या सीएकडून लेखी घ्या.

ज्यांचा पासपोर्ट अजून भारतीय आहे त्यांनी स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत दिलेले पैसे परदेशी धरत नाहीत. आम्ही ओसीआयवाले, म्हणजे परदेशी नागरिकत्व घेतलेले मूळ भारतीय, मात्र परदेशी! गणपतीत आरतीला पहिले उभे आम्हीच, तरी.
— खजिनदार

संभाजीनगरजवळच्या वाळूज एमआयडीसीतल्या कंपन्यांनाही विचारावं. कंपनी कायद्याच्या सीएसआर, म्हणजे सामाजिक जबाबदारीच्या खर्चाच्या, यादीत दिव्यांगांचं रोजगारक्षम प्रशिक्षण आहेच. मात्र त्यांच्याकडं पैशाआधी नोकरीच्या जागा मागा.
— वाळूजला नोकरी केलेला एक सभासद

टॅब्लेटचा विषय बंद. ताई, पॅकिंगला कर्णबधिर मुलगा चालेल का, मामेभावाला विचाराल?
— कार्यवाह

विचारलं. नवी तूर आली की पॅकिंगला दोन माणसं लागतील. पगार सगळ्यांइतकाच, पण लॉट नंबर आणि पॅकिंगची तारीख वाचता आली पाहिजे. सुपरवायझरला खुणा शिकवायला कोण येणार, असं तो विचारतोय.
— ताई