मदत हवी आहे : क्लिपिंग की स्टेंट-कॉइलिंग?

रुग्ण आई, वय ५८, राहणं काणकोणला. मेंदूच्या डाव्या मधल्या धमनीच्या फाट्यावर ७ मिमीचा फुगा, फुटलेला नाही. डीएसए (मेंदूच्या धमन्यांची अँजिओग्राफी) झालीय. फुग्याचं तोंड ५ मिमी, म्हणजे रुंद. नुसत्या कॉइल (फुग्यात भरायच्या बारीक तारा) धमनीत घसरायची भीती, म्हणून स्टेंट (धमनीत बसवायची जाळीची नळी) लागेल. स्टेंट बसवला की ॲस्पिरिन-क्लोपिडोग्रेल या रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या काही महिने एक दिवसही चुकवून चालत नाही, आणि गेल्या वर्षीच तिला अल्सरमधून रक्तस्राव झालाय. खरी अडचण हीच. क्लिपिंगला (ऑपरेशन करून फुग्याच्या तोंडाला चिमटा लावणं) या गोळ्या लागत नाहीत, पण कवटी उघडायची म्हटलं की ती हात घट्ट धरून ठेवते. बीपी गोळ्यांवर १३०/८०, तंबाखू नाही. बांबोळीला (गोवा मेडिकल कॉलेजात) आणि एका खासगी डॉक्टरांना दाखवलं, मतं दोन पडली. दीनदयाळ कार्ड (गोवा सरकारची आरोग्य विमा योजना) आहे. अल्सर असताना ज्यांनी स्टेंट घेतला, त्यांनी गोळ्या कशा निभावल्या, आणि नंतरच्या अँजिओत फुगा बंदच राहिला का?